माणूस आणि कोयता : १९६३ मधली दोन पुस्तकं आणि स्वातंत्र्याचा प्रश्न

(वडवणी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



विषय जरा जड आहे, अस्तित्ववाद. नाव ऐकलं की वाटतं, हे पॅरिसच्या कॉफी हाऊसात बसून सिगारेटी ओढणाऱ्यांचं काम आहे, वडवणीत त्याचं काय? मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं. पण तुम्ही-मी रोज ज्या प्रश्नाशी झगडतो, त्याच प्रश्नाशी ही माणसं झगडत होती. माणूस किती मोकळा आहे? आणि मोकळा असेल, तर त्याने जे केलं त्याची जबाबदारी कुणाची?

सुरुवात सार्त्रपासून करू. २९ ऑक्टोबर १९४५. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं. पॅरिसमध्ये ज्याँ-पॉल सार्त्रने एक जाहीर व्याख्यान दिलं. अस्तित्ववाद म्हणजे मानवतावादच, असा त्याचा विषय होता. पुढच्या वर्षी ते पुस्तकरूपाने आलं. त्यात सार्त्र एक अगदी साधं उदाहरण देतो, कागद कापायच्या सुरीचं. तो म्हणतो, ही सुरी ज्याने बनवली त्याच्या डोक्यात ती कशासाठी हवी हे आधीच पक्कं होतं. म्हणजे सुरीचं काम आधी ठरलं आणि सुरी नंतर आली. माणसाचं तसं नाही. माणूस आधी येतो, जगात पडतो, आणि मग आपल्या करणीतून आपण कोण ते ठरवतो. 'अस्तित्व आधी, सत्त्व नंतर' असं आपण वर्गात घोकून घेतो ते हेच.

आता सुरीच्या जागी आपण आपल्याकडची वस्तू ठेवू. कोयता. लोहाराने भट्टीत लोखंड घातलं तेव्हाच त्याला ठाऊक होतं, की याने ऊस तोडायचाय. काम आधी ठरलं, कोयता नंतर झाला. सार्त्रचं म्हणणं इथपर्यंत चोख लागू पडतं. पण पुढं गाडी अडते. कारण आपल्या जिल्ह्यात 'कोयता' हा शब्द आपण माणसालाच वापरतो. 'यंदा किती कोयते नेले?' असं मुकादमाला विचारतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल कोयत्यावर मिळते, हिशेब कोयत्यावर होतो. पॅरिसचा तत्त्वज्ञ सांगतोय की माणूस आणि हत्यार यांत मुळातच फरक आहे, आणि इथं आपली बोलीच तो फरक पुसून बसलीय. आजचं सगळं बोलणं याच एका अडचणीभोवती आहे.

आता मराठी साहित्याकडे वळू. अस्तित्ववाद मराठीत दोन वाटांनी आला. एक वाट विवेचनाची. दि. के. बेडेकरांनी 'अस्तित्ववादाची ओळख' लिहून तो मराठी वाचकाला समजावून सांगितला. दुसरी वाट कथा-कादंबरीची, आणि मला आज तिच्यावर बोलायचंय. १९६३ हे वर्ष लक्षात ठेवा. त्या एका वर्षात दोन पुस्तकं आली. एक भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला', दुसरं बाबूराव बागुलांचा कथासंग्रह 'जेव्हा मी जात चोरली होती'. नेमाडे तेव्हा पंचविशीत, बागूल तिशी ओलांडलेले. एक खानदेशातल्या सांगवीचा, दुसरा नाशिकजवळच्या विहितगावचा. मराठी समीक्षेने या दोन पुस्तकांना दोन वेगळ्या कपाटांत ठेवलं. 'कोसला'वर अस्तित्ववादाची चिठ्ठी लावली, बागुलांवर दलित साहित्याची. चिठ्ठ्या चुकीच्या नाहीत. पण कपाटं वेगळी झाल्यामुळे एक मोठा प्रश्न विचारायचा राहून गेला, असं माझं म्हणणं आहे.

आधी 'कोसला'. पांडुरंग सांगवीकर, वय वर्षं पंचवीस, आपली हकीकत सांगतो. खात्यापित्या शेतकऱ्याचा मुलगा पुण्याला शिकायला जातो. होस्टेल, मेस, मित्र, रात्री-अपरात्रीचं भटकणं, परीक्षा. मेसचा कारभार अंगावर घेतो, त्यात कर्ज होतं. पैसा घरून येतो. शिक्षण धड होत नाही आणि शेवटी गडी गावी परततो. कोसला म्हणजे कोश. किडा स्वतःभोवती विणतो तो.

या कादंबरीला अस्तित्ववादी का म्हणतात ते समजायला पांडुरंगाची भाषा बघा. त्याचे दोन लाडके शब्द आहेत, 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'. एक पिढीच्या पिढी त्या दोन शब्दांत बोलायला लागली होती. आमच्या कॉलेजातही जो तो वगैरे वगैरे करत फिरायचा. या शब्दांनी पांडुरंग काय साधतो? आजूबाजूचे लोक ज्याला थोर मानतात, मग ते शिक्षण असो, कीर्ती असो, संस्कृती असो, त्याच्या शेपटाला तो 'वगैरे' लावतो आणि त्यातली हवा काढून घेतो. समाजाने आयतं दिलेलं सत्त्व नाकारायचं, ही सार्त्रच्या विचाराची पहिली पायरी. ती पांडुरंग झकास चढतो. मराठी कादंबरीत इतक्या मोकळेपणाने 'हे सगळं मला पटत नाही' असं आधी फारसं कुणी म्हटलं नव्हतं. ते श्रेय नेमाड्यांचं आहे आणि ते कुणी काढून घेऊ शकत नाही.

पण नाकारणं ही पहिलीच पायरी. दुसरी पायरी म्हणजे आपण निवडलेलं काही अंगावर घेणं. आणि इथं तोच 'वगैरे' पांडुरंगाच्या पायात येतो. ज्या शब्दाने इतरांच्या मोठेपणातली हवा निघते, त्याच शब्दाने आपल्या निर्णयातलीही निघते. 'मी अमुक केलं वगैरे' असं म्हटलं, की केलेलं हलकं होतं. मेसचं कर्ज झालं, परीक्षा गेली, बापाचा पैसा गेला. प्रत्येक गोष्ट घडते, आणि पांडुरंग तिच्याकडे तिऱ्हाइतासारखा बघतो. सार्त्रचा एक शब्द आहे, मराठीत त्याला आत्मवंचना म्हणतात. आपण मोकळे आहोत हे आपल्याला ठाऊक असतं आणि तेच आपण आपल्यापासून लपवतो. लपवायची एक तऱ्हा म्हणजे 'मी काय करणार, मी असाच आहे' असं म्हणणं. दुसरी तऱ्हा अधिक हुशार आहे. 'कशालाच काही अर्थ नाही, मग मी काय केलं त्यालाही नाही' असं म्हणणं. पांडुरंग बऱ्याचदा या दुसऱ्या तऱ्हेच्या काठावर उभा असतो.

काठावर म्हणालो, आत नाही. कारण कादंबरीत मनीचा मृत्यू आहे. त्याची लहान बहीण देवीने जाते. त्या भागात पांडुरंगाचा सगळा उपहास गळून पडतो. तिथं 'वगैरे' चालत नाही. एक लहान पोर गेली आणि तिच्यासाठी घराने, गावाने, त्याने स्वतः काय केलं हा प्रश्न थेट उभा राहतो. माझ्या मते 'कोसला'चा जीव त्या पानांत आहे. पण तिथून पांडुरंग पुढं कुठं जात नाही. दुःख आत घेतो आणि कोश अधिक घट्ट विणतो. जबाबदारीची चाहूल त्याला लागते, जबाबदारी तो उचलत नाही.

एक गोष्ट आपण सहसा बोलत नाही, ती बोलून टाकतो. पांडुरंगाला हे सगळं नाकारता येतं, कारण परतायला घर आहे. शेत आहे, बाप आहे. बापावर तो रागावतो, पण तो राग परवडतो. नापास होऊन गावी यायचं तर गावात जागा लागते. मी पांडुरंगाला दोष देत नाही. त्याचं स्वातंत्र्य कशावर उभं आहे ते फक्त दाखवतोय.

आता दुसरं पुस्तक. बागुलांची शीर्षककथा. एक तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत उधन्याला जातो. नोकरी आहे, हातात उमेद आहे, देश स्वतंत्र झालेला आहे, आता सगळं नवं होणार असं त्याला वाटतंय. राहायला खोली हवी. आणि पहिला प्रश्न येतो, तुझी जात कोणती? तो सांगत नाही. तो कविता करतो म्हणून त्याचा मान होतो. त्याच्याबरोबरचा काशीनाथ मात्र जात लपवत नाही, अपमान झाला तर अंगावर जातो. शेवटी या तरुणाची जात उघडी पडते आणि कालपर्यंत मान देणारेच त्याला मारतात. काशीनाथ त्याला सोडवतो. वर विचारतो, तू मुकाट मार का खाल्लास? त्यावर तरुणाच्या उत्तराचा आशय असा, की मला या लोकांनी नाही मारलं, मनूने मारलं.

ही कथा सार्त्रच्या कसोटीवर लावून बघा. पांडुरंगाने जग नाकारलं. इथं जगाने माणसाला नाकारलंय. इथलं सत्त्व आयतंच नाही, लादलेलं आहे. जन्माच्या आधीच ठरलेलं, अगदी कोयत्यासारखं. आणि हा तरुण म्हणतो, ते मी मानत नाही. मी कवी आहे, कामगार आहे, या देशाचा नागरिक आहे. मी कोण ते मी ठरवीन. याहून शुद्ध अस्तित्ववादी भूमिका कोणती? पण ती घ्यायला त्याला खोटं बोलावं लागतं.

आता कुणी म्हणेल, मग हीसुद्धा आत्मवंचनाच. नाही. सार्त्र इथं नेमका भेद करतो. खोटं बोलणाऱ्याला खरं ठाऊक असतं, तो दुसऱ्याला फसवतो. आत्मवंचना करणारा स्वतःला फसवतो. उधन्याचा तरुण स्वतःला एक क्षणही फसवत नाही. रोज त्याला कळतं की आपण कशावर चालतोय. स्वतःला फसवतात ते मारणारे. काल ज्याच्या कवितेला मान दिला तोच माणूस आज समोर आहे. त्याच्यात काहीही बदललेलं नाही, फक्त एक शब्द कळलाय. आणि ते म्हणतात, काय करणार, धर्म आहे, आम्ही बांधलेलो आहोत. बांधलेले नसताना बांधलेलं आहोत असं म्हणणं, ही खरी आत्मवंचना.

शीर्षकातला 'चोरली' हा शब्दही बघा. चोरी व्हायला मालक लागतो. जात कुणाच्या मालकीची होती म्हणून ती चोरीला गेली? लपवणाऱ्यालाच चोर म्हणायचं, ही समाजाची भाषा बागूल जशीच्या तशी उचलतात आणि आपल्याच शीर्षकात ठेवतात. जबाबदारी कुणावर ढकलली जाते ते त्या एका क्रियापदात आहे.

पण शेवटच्या वाक्याशी माझं थोडं भांडण आहे. मनूने मारलं म्हटल्यावर ज्यांनी हात उगारला ते सुटले का? मनूला हात नाहीत. हात जिवंत माणसांचे होते, आणि त्या माणसांनी त्या दिवशी मनूची निवड केली. सार्त्र असता तर म्हणाला असता, परंपरा आपोआप चालत नाही, तिला रोज कुणीतरी नव्याने निवडतं. हे मला पटतं. तरी बागुलांचंही म्हणणं सोडवत नाही. नुसत्या माणसांना धरलं, तर मारामारी होईल, खोली बदलेल, गाव बदलेल, आणि पुढच्या गावात पुन्हा तोच प्रश्न येईल. व्यवस्थेला नाव दिलं नाही तर माणूस फक्त पळत राहतो. म्हणून दोन्ही धरावं लागतं. व्यवस्थेचं नाव आणि हाताची जबाबदारी. यातलं एक सुटलं की दुसरं लंगडं होतं.

आता जरा सार्त्रलाच प्रश्न विचारू. जर्मनांच्या ताब्यात असताना आम्ही कधी नव्हे इतके मोकळे होतो, अशा अर्थाचं त्याने १९४४ मध्ये लिहिलं. त्याचा मुद्दा असा, की जिथं एकेका शब्दाला जिवाची किंमत आहे तिथं प्रत्येक शब्द ही निवड ठरते. मुद्दा तेजस्वी आहे. पण धोक्याचाही आहे. त्याची जोडीदार सिमोन द बोव्हारने ही खोट फार आधी ओळखली होती. १९४० मधल्या एका वादाची आठवण तिने आत्मचरित्रात लिहून ठेवलीय. तिने सार्त्रला विचारलं होतं, की जनानखान्यात कोंडलेल्या बाईला कसली मोकळीक? परिस्थिती सगळ्यांची सारखी नसते. पुढं १९४७ च्या पुस्तकात तिने हा विचार पक्का केला. मला मोकळं व्हायचं असेल तर दुसऱ्याचं मोकळं असणंही मला हवं असलं पाहिजे. एकट्याचं स्वातंत्र्य ही अर्धवट गोष्ट आहे.

हे आपल्याला का महत्त्वाचं, ते सांगतो. २०१९ मध्ये आपल्या जिल्ह्याचं नाव देशभर गाजलं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. अशा शस्त्रक्रिया झालेल्या बायकांचा आकडा हजारोंच्या घरात निघाला, आणि त्यांत ऐन तरुण बायाही होत्या. त्या वेळी एक वाक्य सारखं कानावर यायचं. 'बायकांनी स्वतःच ठरवलं ना, सही त्यांचीच आहे.'

हे वाक्य नीट ऐका. वरवर पाहता ते अगदी अस्तित्ववादी आहे. तिने निवडलं, तिची जबाबदारी. पण ती निवड कशातून झाली? पाळीच्या दिवसांत फडात उभं राहवत नाही. खाडा झाला तर पैसे कापले जातात. उचल आधीच घेऊन खर्चून झालेली. कोपीला न्हाणीघर नाही, पाण्याचा पत्ता नाही. डॉक्टर सांगतो, काढून टाका, नाहीतर पुढं मोठा आजार होईल. आणि मग म्हणायचं, सही तुमची. स्वातंत्र्य या शब्दाचा हा सर्वांत वाईट वापर आहे. अडचण आम्ही तयार करायची, निवड तुमच्यावर टाकायची, आणि जबाबदारीची पावती तुमच्या नावाने फाडायची. सही करणारा हात तिचा होता, हे खरं. पण त्या कागदापर्यंत तिला आणणारे हात किती होते ते कुणी मोजायचं? मघाशी मनूच्या बाबतीत जे म्हणालो तेच इथं. व्यवस्थेचं नाव घ्या, आणि जिवंत हातही मोजा.

मग निराश व्हायचं का? सगळं परिस्थितीच ठरवते असं म्हणून मोकळं व्हायचं? तेही नाही. आपल्याच मातीत याचं मोठं उत्तर आहे, सार्त्रच्या व्याख्यानाच्या बरोबर दहा वर्षं आधीचं. १३ ऑक्टोबर १९३५. येवला. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केलं, की हिंदू म्हणून जन्मलो हे माझ्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही. या एका घोषणेत अस्तित्ववादाचा गाभा आहे. जन्म ही परिस्थिती, तिथं निवड नाही. पण त्या जन्माचं काय करायचं, ही निवड माझी. आणि पुढं काय झालं? घोषणा करून दुसऱ्या दिवशी एकट्याने वाट धरली नाही. एकवीस वर्षं गेली. वाचन झालं, वाद झाले, धर्म तपासले गेले. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांबरोबर दीक्षा घेतली. बावीस प्रतिज्ञा दिल्या. प्रतिज्ञा म्हणजे काय? नुसतं सोडणं नाही, अंगावर घेणंही. पांडुरंगाकडे नाकारणं होतं, ते इथंही आहे. पण इथं त्याच्यापुढची पायरी आहे, आणि ती एकट्याने चढलेली नाही.

सार्त्रच्या त्या व्याख्यानात एक विद्यार्थी आहे. त्याचा मोठा भाऊ लढाईत गेलेला. आई एकटी, हाच एक आधार. त्याला प्रश्न पडलाय, इंग्लंडला जाऊन स्वतंत्र फ्रान्सच्या फौजेत सामील व्हायचं की आईजवळ थांबायचं? तो सल्ला मागायला येतो. सार्त्र म्हणतो, तू मोकळा आहेस, निवड. असे विद्यार्थी आपल्याकडे गावोगावी आहेत. बारावी झालेली, पुण्याला जाऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करायचीय. आणि दसरा झाला की बाप म्हणतो, माझी कंबर गेली, आईबरोबर कोयत्याला कोण उभं राहणार? तो आपल्याकडे आला, तर आपण काय सांगायचं? तू मोकळा आहेस, निवड?

माझं उत्तर असं आहे. तसं सांगायचा अधिकार त्यालाच, जो त्या निवडीतला थोडा भार उचलायला तयार आहे. त्याच्या फीचा, त्याच्या आईच्या औषधाचा, किंवा किमान ती उचल इतकी का लागते हा प्रश्न चारचौघांत विचारण्याचा. भार न उचलता दुसऱ्याला 'तू स्वतंत्र आहेस' असं सांगणं म्हणजे त्याला एकटं सोडणं. आणि साहित्य वाचणाऱ्यांनाही हे लागू आहे. 'कोसला' वाचून आपण जगाला 'वगैरे' म्हणायला शिकलो. आता बागुलांना शेजारी ठेवून वाचू या. कुठल्या गोष्टीला 'वगैरे' म्हणायचं नाही, ते त्यांच्याकडून शिकायचंय.



प्रश्नोत्तरांतून

प्रश्न : सर, म्हणजे 'कोसला' पळपुट्याची कादंबरी असं समजायचं का?

उत्तर : अजिबात नाही. तसं समजलात तर माझं बोलणं फुकट गेलं. पांडुरंग पळतो, पण कादंबरी पळत नाही. तो कसा पळतो, कशाच्या जोरावर पळतो, हे ती लपवत नाही. कोश हे नावच नेमाड्यांनी दिलंय. हिरोचा दोष आणि पुस्तकाचा दोष यांची गल्लत करू नका. माझी तक्रार कादंबरीपेक्षा तिच्या वाचकांशी अधिक आहे. आम्ही पांडुरंगाची नक्कल केली, त्याची तपासणी केली नाही. मनीची पानं पुन्हा वाचा.

प्रश्न : मुकादमाला सगळे शिव्या देतात. पण तो पण बऱ्याचदा आधी तोडणीच करत होता. तो पण कारखान्याचा देणेकरीच. मग त्याला जबाबदार कसं धरायचं?

उत्तर : तुमचा प्रश्न माझ्या भाषणापेक्षा चांगला आहे. सार्त्रने कॅफेतल्या वेटरचं उदाहरण दिलंय. तो जरा जास्तच वेटरसारखा वागतो, जणू जन्मालाच वेटर म्हणून आला. मुकादमाचंही तसंच होतं. 'मी मुकादम आहे, वसुली करणं माझं कामच आहे' असं तो म्हणतो, तेव्हा तो स्वतःलाही कोयता करून टाकतो, कुणाच्या तरी हातातला. त्याच्यावरचा दाब खरा आहे. कारखान्याचे पैसे त्याच्या अंगावर आहेत, टोळी पळाली तर तो बुडतो. हे सगळं मान्य. पण आजारी बाईचा खाडा लावायचा की नाही, ते त्या सकाळी तोच ठरवतो. तेवढी जागा त्याच्याकडे उरतेच. आणि दाब खालून वर मोजत जायचा. मुकादमाच्या वर कोण, त्याच्या वर कोण. जितकं वर जाल तितकी निवडीची जागा मोठी होत जाते, आणि म्हणून जबाबदारीही. आपल्याकडे मोजणी नेमकी उलटी चालते. सगळ्यात जास्त जबाबदारी सगळ्यात खालच्या बाईच्या सहीवर. ती मोजणी सरळ करणं, एवढं काम जरी या विचारातून झालं तरी पुष्कळ झालं.